तिसऱ्या खेपेची चटई

कोंबडा जाऊन त्या चटईवर उभा राहिला, मान ताणून आरवला आणि मला फिसकन हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तेही कधी, तर माझ्या पोरीला गाडीखाली घेणारा माणूस माझ्याच अंगणात डोक्यावर चटई घेऊन बसलेला असताना.

"हसतेस काय ताई?" माझा भाऊ आलापाती खांबाआडून दबक्या आवाजात खेकसला. "अख्खं गाव बघतंय."

"बघू दे की. कोंबडा माझा, अंगण माझं."

ती माणसं उजाडायच्या आधीच आली होती. खाडीपलीकडच्या गावची आठ माणसं. सहा जण खडीवर मांडी घालून, माना खाली घालून बसलेले. त्यांच्या पुढ्यात दोघं एका चटईखाली. चटई जुनी, लुगड्यासारखी मऊ, बारीक विणीची, कडेला लाल पिसं लावलेली. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू असणार. बाजूला जळणाची फाटी, दगड आणि केळीच्या पानांचा भारा. त्याचा अर्थ असा की आम्ही तुमची डुकरं, भट्टी पेटवा, भाजा आणि खा. आमच्या बेटावर माणूस मेला की मारणाऱ्याच्या घरानं असं येऊन बसायचं असतं. इफोगा म्हणतात त्याला. आतल्यांनी बाहेर येऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर बसून राहायचं. पूर्वी आतून कुऱ्हाड घेऊन आलेलेही होते म्हणे. त्यामुळे खडीवर पाय वाजला की चटईखालच्याच्या मनात काय येत असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ही त्यांची तिसरी खेप. पहिल्यांदा माझी पोर वायोला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी आतून बाहेरच पडले नाही. दुसऱ्यांदा पुरून झाल्यावर आले, तेव्हा मी बाहेर पडले, त्यांना वळसा घालून कामाला गेले आणि संध्याकाळी परत वळसा घालून घरात आले. दिवस मावळल्यावर ते उठून गेले. तीन खेपांच्या वर कुणी येत नाही. आज चटई उचलली नाही तर दोन गावांचं बोलणं बंद, लग्नं बंद, मयताला जाणं बंद. म्हणून गाव जागचं हललं नव्हतं. शेजारची फिलिपा एरवी आठवड्याला एकदा अंगण झाडते. त्या सकाळी तिनं चौथ्यांदा झाडू हातात घेतला.

लोक म्हणत होते, तेमुकिसाचं काळीज दगडाचं झालंय. म्हणोत. एकोणीस वर्षं मी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुतेय, इस्त्री करतेय. कुठला डाग कशाचा ते मला न सांगता कळतं. जन्माच्या चादरी येतात, मरणाच्या येतात, मशीनमध्ये सगळ्या एकत्रच फिरतात. दगडाचं काळीज असतं तर बरंच झालं असतं.

माझं दुखणं वेगळं होतं आणि ते मी फक्त एकाला सांगितलं होतं, आमच्या चर्चच्या पाळकांना.

वायोला तेवीस वर्षांची. समुद्राकाठच्या एका खानावळीत स्वैपाकाला जायची. पहाटेची बस पकडायला पुलाकडे चालत निघाली होती. हा चटईखालचा सेतेफानो तारोच्या कंदांची पोती गाडीत भरून बाजाराला चालला होता. त्याला डुलकी लागली. तिथून अँब्युलन्स येईपर्यंत पाऊण तास गेला. पोलिसांच्या कागदावर एवढंच लिहिलंय की चालक जागेवर थांबला होता. पाऊण तासाला एवढंच. मी त्या वेळी इस्पितळातच होते, रात्रपाळीला, इस्त्रीच्या मशीनवर. मागच्या दारानं माझी पोर आणली, ती वाटेतच गेली होती, आणि मला कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा नऊ वाजले होते. तोवर मी चादरींच्या घड्या घालत होते, गुणगुणत होते.

त्या पाऊण तासात ती एकटी होती का? शुद्धीत होती का? मला हाक मारली का? चार महिने मी देवाला एवढंच विचारत होते. परत दे म्हणाले नाही. परत मिळत नाही हे मला कळतं, मी काही बावळट नाही. फक्त सांग म्हणत होते.

तुम्ही म्हणाल, मग त्या सेतेफानोलाच विचारायचं. तेच तर! चटई उचलेपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. आणि उचलली की विषय मिटला. मग भाषणं होतात, जेवण होतं, आणि झाल्या गोष्टीबद्दल पुन्हा तोंडातून अक्षर काढायचं नसतं. काढलं तर तुम्ही माफी मोडली. म्हणजे आधी विचारता येत नाही आणि नंतरही विचारता येत नाही. रीत करणाऱ्या शहाण्यांनी आईचा विचारच केला नव्हता. मी दोनदा चटई उचलू दिली नाही ती रागानं, हे खरं. पण रागापेक्षा जास्त भीतीनं. उचलली की माझ्या प्रश्नाचं दार कायमचं बंद होणार होतं.

"ताई," आलापाती म्हणाला, "आज मी तुझं ऐकणार नाही. घराण्याच्या प्रमुखाची पदवी माझ्याकडे आहे. पंचांनी मला सांगितलंय, सूर्य त्या नीरफणसाच्या शेंड्यावर आला की मी बाहेर जाणार आणि चटई उचलणार."

"आणि मी?"

"तू उचललीस तर सोन्याहून पिवळं. नाहीतर मी उचलतो. पुढच्या महिन्यात कोर्टात त्याची तारीख आहे. चटई उचललेली असली की जज शिक्षा कमी करतो. त्याच्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

"माझ्या घरात एकही उरलं नाही, त्याचं काय करू?"

आलापाती वाईट नाही. वायोलाला त्यानंच पोहायला शिकवलं होतं. रात्री तो एकटा बसून रडतो हे त्याच्या बायकोनं मला सांगितलंय. पण पदवी आली की माणसाला पंचांच्या तोंडून बोलावं लागतं.

आठच्या सुमाराला पाळकसाहेब आले. एनेलिको पाळक. पांढरा शर्ट, काळी छत्री. खडीवर बसलेल्यांना लांबून वळसा घालून माझ्या घरात शिरले. आमच्या घराला भिंती नाहीत, खांब आहेत. त्यामुळे आत बसलेला माणूस बाहेरच्यांना दिसतो आणि जरा आवाज चढवला की ऐकूही जातो. पाळकसाहेब चटईकडे पाठ करून बसले.

"तेमुकिसाबाई, सकाळपासून काही खाल्लंत?"

"तुम्ही खाल्लंत ना? मग झालं."

मी त्यांच्यापुढे कोकोचा पेला ठेवला. राग असला तरी पाळकाला कोरडं पाठवत नाहीत. त्यांनी फुंकर मारली, दोन घोट घेतले आणि विषयाला हात घातला.

"बाई, तुमचा प्रश्न मी विसरलेलो नाही. पण काही गोष्टी देवावर सोडायच्या असतात. त्याच्या वेळेला तो उलगडून दाखवतो. आपण फक्त वाट पाहायची."

"चार महिने बघतेय."

"चार महिने म्हणजे देवाच्या हिशेबी..."

"देवाच्या हिशेबी काय असेल ते असो. मला दिवस मोजूनच काढावे लागतात." माझा आवाज चढला. "आणि तुम्ही ज्याला वाट पाहणं म्हणता ना पाळकसाहेब, ते नुसतं गप्प बसणं आहे. बायबलात कोण गप्प बसलं सांगा बघू. आंधळा रस्त्याच्या कडेला बसून बोंबलतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो आणखी बोंबलतो. त्या पांगळ्याला त्याचे दोस्त दुसऱ्याच्या घराचं छप्पर फोडून येशूपुढे खाली सोडतात. कुणी म्हणालं त्यांना, की बाबांनो बाहेर थांबा, वेळ झाली की बोलावू?"

पाळकसाहेबांनी पेला खाली ठेवला. "ते विश्वासानं गेले होते, बाई. तुम्ही रागानं बोलताय."

"विश्वास नसता तर राग कुणावर केला असता? खांबावर?"

खरंच सांगते, त्या माणसाला मी छळत होते. ते भले आहेत. वायोला गेली तेव्हा तीन रात्री ते माझ्या घरात खांबाला टेकून बसून राहिले होते. पण माझ्याजवळ दुसरं कोण होतं भांडायला? देव काही समोर येऊन बसत नव्हता.

"देव तिच्याजवळ होता," ते हळूच म्हणाले. "एवढी खात्री बाळगा."

"देव होता, कबूल. माणूस कोण होतं? वेदना होतात तेव्हा हात धरायला माणूस लागतं. आणि तुमच्या देवाला सांगा, पोर नेली तर इफोगा त्यानंही करायचा. येऊन बसावं माझ्या अंगणात चटई घेऊन. ही माणसं तीनदा आली. तो एकदा तरी आला?"

"बाई! असं बोलू नये."

"राग आला तर येईल तरी."

बाहेर फिलिपाचा झाडू थांबला होता. आलापातीनं कपाळाला हात लावला. पाळकसाहेब उठले आणि ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, चिडले. पण ते डोळे पुसत होते.

दहा वाजले. ऊन खडीवरून परत वर यायला लागलं. बसलेल्या सहा जणांच्या पाठी भिजल्या होत्या, तरी एकानंही बूड हलवलं नव्हतं. मी कामं काढली. भांडी घासली, पुन्हा घासली. वायोलाचे कपडे उन्हात घालायचे म्हणून काढले आणि परत पेटीत ठेवले. दर वेळी नजर चटईकडे जायची. अकरा वाजले. नीरफणसाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. आलापातीनं नवी लुंगी नेसली, पदवीचा दांडा हातात घेतला आणि खांबाशी येऊन उभा राहिला. आता अर्धा तास. फार तर पाऊण. पुन्हा पाऊण तासच.

तेवढ्यात चटईची एक कड जराशी वर झाली. आतून एक पाय बाहेर आला, पेटका आला असावा. मला वाटलं होतं की आत सेतेफानो असेल आणि त्याच्या घराण्याचा कर्ता पुरुष. पण हा पाय बाईचा होता. म्हातारा, टाच फाटलेली, घोट्याशी शिरा गाठाळलेल्या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायांचे पाय असे होतात. माझेही तसेच आहेत.

"आलापाती, त्याच्याबरोबर आत कोण आहे?"

"त्याची आई. लेपेका. घरात कर्ता पुरुष नाही त्यांच्या, गेल्या साली वारला. म्हातारी म्हणाली, मीच बसते."

म्हणजे तीन खेपा ती म्हातारी बसत होती. आणि दुसऱ्या खेपेला मी तिला वळसा घालून कामाला गेले होते.

मला तिची दया आली आणि मी गेले, असं गावात सांगतात. सांगू देत. खरं ते मला माहीत आहे. तो पाय बघितला आणि एकदम डोक्यात आलं की चटईच्या बाहेर बोलायचं नाही अशी रीत आहे. चटई उचलल्यावर बोलायचं नाही अशी रीत आहे. चटईच्या आत बोलायचं नाही असं कुणीच, कधीच म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसं? आत्तापर्यंत मेलेल्याच्या घरचं कुणी आत शिरलंच नव्हतं.

मी पायऱ्या उतरले. खडीवर पाय वाजले तसे ते सहा जण आणखी वाकले.

"शाबास ताई!" आलापाती मागून म्हणाला. त्याला वाटलं, मी उचलायला निघाले.

मी चटईशी गेले, गुडघ्यांवर बसले, कड धरली, डोकं आत घातलं आणि आत सरकले. कड माझ्यामागे सोडून दिली.

बाहेरून आलापातीचा आवाज आला, "अगं ए ताई! अगं काय करतेस? उचलायची असते ती!"

आत अंधार नव्हता. विणीतून ऊन पाझरत होतं, पिवळं. घामाचा, खोबरेल तेलाचा वास. दोघंही डोकं खाली घालून बसलेली आणि आता आम्ही तिघं, गुडघ्याला गुडघे लागलेले. सेतेफानो तिशीतला असेल. मी त्याला लांबून एकदाच पाहिलं होतं. धिप्पाड असेल असं का कोण जाणे डोक्यात बसलं होतं. हा तर काटकुळा. मला बघताच त्यानं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.

"घाबरू नकोस," मी कुजबुजले. "मारायला नाही आले."

त्यानं डोळे मिटले आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "आदरणीय घराण्याच्या चरणांशी आम्ही..."

"ते बाहेर म्हण. इथं नको. मला फक्त सांग. ती एकटी होती का?"

म्हातारीनं कोपरानं त्याला ढोसलं. "सांग रे. बाईनं विचारलंय ना? चार महिने मला सांगतोस, झोपेत सांगतोस. आता तिला सांग."

"नाही मावशी," तो म्हणाला. "एकटी नव्हती. मी होतो."

मग त्यानं सांगितलं. आधी तुटक तुटक, मग सलग. तो धावत तिच्याकडे गेला तेव्हा ती गटाराच्या कडेला पडली होती, डोळे उघडे होते. त्याच्या फोनला रेंज नव्हती. तो पुढच्या गावाकडे पळणार होता, तेवढ्यात तिनं त्याच्या लुंगीची कड धरली. जाऊ नकोस म्हणाली. पावाची गाडी आली, ती त्यानं थांबवली आणि पाववाल्याला फोन करायला पुढे पिटाळलं. मग तो तिथेच चिखलात बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"मला काही सुचेना, मावशी. मी प्रार्थना म्हणायला लागलो. मोठमोठ्यानं. तर ती म्हणाली, प्रार्थना नको रे, मला भीती वाटते. दुसरं काहीतरी बोल."

माझ्या तोंडून हुंदका फुटला का हसू, मला सांगता येणार नाही. माझीच पोर ती.

"मग?"

"मग मी आमच्या डुकरिणीचं सांगितलं. तिला आदल्याच दिवशी नऊ पिल्लं झाली होती. आईनं एकेका पिल्लाला आमच्या गावच्या एकेका पंचाचं नाव ठेवलंय. जे सगळ्यात जाडं, ते मुख्य पंच. जे दुसऱ्याच्या तोंडचं ओढतं, ते खजिनदार. ती हसली. हसवू नकोस, दुखतंय म्हणाली. मग विचारलं, पाळक कुठलं?"

"कुठलं?"

"जे सगळ्यांचं खाऊन झाल्यावर झोपतं आणि झोपेत बोलतं ते."

लेपेका म्हातारी खाली मान घालून म्हणाली, "माफ करा बाई. तुमच्या पाळकांना नका सांगू."

"आणि मग?"

"मग तिनं विचारलं, किती वाजले. मी म्हटलं, पावणेसहा. तर म्हणाली, आई आता इस्त्रीच्या मशीनवर असेल. म्हणाली, तिला मशीनवर असताना सांगू नका, ती घाबरली की हात भाजून घेते. काम झाल्यावर सांगा. मी ते अँब्युलन्सवाल्यांना सांगितलं, मावशी. दोनदा सांगितलं."

चार महिने मी इस्पितळातल्या एकेका माणसाशी भांडले होते. नऊ वाजेपर्यंत मला का नाही सांगितलं? कुणाच्या सांगण्यावरून? बिचारे मान खाली घालायचे. त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं की निरोप कुणाचा. माझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचे सात डाग आहेत, वायोला लहान असताना ते मोजायची. मी दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं.

"मग तिला थंडी वाजायला लागली. मी शर्ट काढून घातला. मग ती बोलेनाशी झाली. पण मी थांबलो नाही. मला वाटलं, ऐकत असेल. गाडी आली तेव्हा मी सातव्या पिल्लाचं नाव सांगत होतो."

आम्ही तिघं रडलो. आवाज न करता, एकमेकांच्या खांद्यांना खांदे लागलेले. बाहेर पाळकसाहेबांनी काय चाललंय ते न कळून खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली होती. हे प्रभो, या भगिनीचं कठोर झालेलं हृदय मऊ कर...

"पाळकसाहेब," मी आतून ओरडले, "जरा थांबा! आम्ही बोलतोय."

प्रार्थना थांबली. कुणीतरी खोकलं. मग माझ्या डोक्यावर चटई हलली. आलापातीनं कड धरली होती.

"हात लावू नकोस, आलापाती. मी सांगेन तेव्हा."

कड खाली आली. मी सेतेफानोकडे वळले.

"डुलकी लागली ती लागली. ती मी अजून माफ केलेली नाही," मी म्हटलं. "तुझ्या तोंडावर सांगते. चटई आता उचलतील, कोर्टात तुझं भलं होवो, तुझ्या पोरांच्या तोंडचा घास जाऊ नये. पण आतली माफी मला अजून जमत नाही. तिला वेळ लागेल. तू वाट बघायची."

"बघेन मावशी."

"किती दिवस ते मला माहीत नाही."

"बघेन."

म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि मनगटावरचे डाग अंगठ्यानं चाचपले. मी हाक मारली, "आलापाती, उचल."

एकदम एवढं ऊन आलं की तिघांनीही डोळे झाकून घेतले. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आलापातीनं दांडा टेकवून भाषण केलं, चांगलं केलं, मध्येच त्याचा आवाज फुटला. त्या लोकांच्या वक्त्यानं उत्तर दिलं. फाटी आमच्या चुलीत गेली, दगड भट्टीत, आणि आम्ही डुक्कर भाजून सगळ्यांना जेवू घातलं. लेपेका माझ्याशेजारी बसून जेवली. वायोलाचं नाव कुणी काढलं नाही. काढायचंच नसतं. पण मला आता कुणी काढायची गरज नव्हती.

पाळकसाहेबांनी रविवारी देवळात उपदेश केला. माझं नाव न घेता माझ्यावरच. म्हणाले, बहीण विचारत होती, देव येऊन चटईखाली का बसत नाही? देव तिथेच होता, चटईखाली, तिची वाट पाहत होता. बायका रडल्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "उपदेश छान होता. पण मी आत गेले तेव्हा दोघंच होती, पाळकसाहेब. मी नीट पाहिलं."

"बाई, तुम्हाला उत्तर मिळालं ना?"

"मिळालं नाही, मी आत शिरून काढलं. आणि तेही एकाच प्रश्नाचं. ती एकटी होती का, हे माणसाला ठाऊक होतं, माणसानं सांगितलं. ती का गेली, हे माणसाला ठाऊक नाही. ते सांगायला ज्यानं यायचं त्यालाच यावं लागेल."

त्यांनी छत्री काखेत धरली. मग म्हणाले, "आणि नाही आला तर?"

पहिल्यांदा त्या माणसानं मला खरा प्रश्न विचारला. मी त्यांचा हात दाबला आणि म्हटलं, "मी आहेच की."

तेव्हापासून मी रोज सकाळी बसच्या आधी थोडा वेळ अंगणात बसते. त्याच खडीवर, ते बसले होते तिथेच. प्रार्थना म्हणत नाही, वायोलाचं ऐकते. काहीबाही बोलते. धोबीखान्यात नवं मशीन आलंय ते सांगते, आलापातीच्या गुडघ्याचं सांगते, मग एकदा विचारते, का. उत्तर येत नाही. मग बस येते आणि मी जाते. दुसऱ्या दिवशी परत बसते. फिलिपा आता झाडू घेऊन बाहेर येत नाही, तिला सवय झाली.

पाळकसाहेब सकाळी देवळाकडे जाताना कधी कधी कुंपणाशी थांबतात. परवाही थांबले. उन्हं वर आली होती.

"डोक्यावर काहीतरी घेत जा बाई," म्हणाले. "ऊन लागेल."

"डोकं झाकून ज्याची चूक आहे त्यानं बसायचं असतं, पाळकसाहेब," मी म्हटलं. "मी अशीच बसणार."